पीएमआर: हातात येणारा आकडा आणि पुढची पंधरा वर्षे

आयएनएस हंसामुळे वास्को, चिखली, दाबोळी या पट्ट्यात नौदलाची वस्ती मोठी. पणजीला लष्कराचे सिग्नल ट्रेनिंग सेंटर. शिवाय डिचोली-पेडण्यातले आणि पलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीतले वर्दीतले लोक वेगळेच. मुले दहावीच्या उंबऱ्यावर आली, आईवडील थकले आणि त्यातच बदलीचा कागद आला की घरात पीएमआरचा विषय निघतो. पीएमआर म्हणजे पेन्शन घेऊन मुदतीआधी स्वतःहून बाहेर पडणे. बोलणे 'हातात किती येणार' इथे सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. माझ्या मते तो आकडा सर्वात कमी महत्त्वाचा. पुढची पंधरा वर्षे कशी काढायची हे आधी ठरवायचे. पंधराच का, ते पैशांच्या हिशेबात कळेल.

पहिले काम दिवस मोजण्याचे. अधिकाऱ्यांना पेन्शनसाठी किमान २० वर्षांची क्वालिफाइंग सर्व्हिस लागते. जवान, सेलर, एअरमन आणि जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) १५ वर्षांची. भरतीच्या तारखेपासून कॅलेंडर मोजून हा आकडा निघत नाही. विनापरवाना गैरहजेरी, भोगलेली कोठडी हे दिवस त्यातून वजा होतात. कधीकाळी सुट्टीवरून चार दिवस उशिरा परतल्याची नोंद फायलीत पडून असते आणि नेमकी पेन्शनच्या वेळी डोके वर काढते. म्हणून रेकॉर्ड ऑफिसकडून हिशेब लेखी मागवा. थोडे दिवस कमी पडले तर ते माफ करण्याची सोय आहे खरी, पण स्वतःहून जाणाऱ्याला ती मिळेल असे धरून चालू नये. वीस वर्षांच्या आत निघणाऱ्या अधिकाऱ्याच्या कागदाचे नाव राजीनामा, आणि राजीनाम्यावर पेन्शन नाही. काठावरची तारीख टाकण्यापेक्षा महिना-दोन महिने पुढची टाकलेली बरी.

तारखेत आणखी एक गोष्ट दडलेली असते. वेतनवाढ १ जानेवारी किंवा १ जुलैला लागते आणि पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. पगाराच्या तक्त्यात लेव्हल ५ मध्ये ३७,००० वरून पुढची पायरी ३८,१०० ची. ही वाढ खिशात पडायच्या आधी निघालात तर मूळ पेन्शन ५५० रुपयांनी कमी, त्यावरचा महागाई दिलासा कमी, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशन (पेन्शनचा भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम) तेही कमी. हे सगळे तीन-चार आठवड्यांच्या घाईसाठी.

आता अर्ज. पीएमआर हा हक्क नाही, विनंती आहे. ती कमांडिंग ऑफिसरकडून वर सरकत जाते. अधिकाऱ्यांची मुख्यालयाकडे, सेलरची मुंबईतल्या मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे. घरची निकड, खालावलेली मेडिकल कॅटेगरी, बढतीत मागे पडणे ही नेहमीची कारणे. नुसते 'घरगुती अडचण' लिहिलेला अर्ज परत येतो किंवा पडून राहतो. आईचे आजारपण असेल तर इस्पितळाचे कागद, घरात दुसरे कोणी करणारे नसल्याचे प्रतिज्ञापत्र, मुलाला विशेष गरज असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र, असे काही तरी जोडलेले हवे. लांबचा कोर्स किंवा स्टडी लीव्ह घेतली असेल तर त्या बदल्यात ठरावीक वर्षे देण्याचा बाँड असतो. तो फिटला की नाही ते आधी पाहा. आणि मंजुरी आल्यावर मन बदलले तर अर्ज मागे घेणे सोपे नाही. मंजुरी हातात पडेपर्यंत घराचा सौदा, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, नव्या नोकरीला होकार, यातले काहीच करू नये.

आता ओआरओपी, जिथे सर्वाधिक लोक फसतात. समान पद, समान सेवा, समान पेन्शन ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली. पण ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशातच लिहिले होते की यापुढे स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना तिचा लाभ नाही. १ जुलै २०१९ पासूनचा फेरआढावा डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला, त्यातही १ जुलै २०१४ नंतर पीएमआर घेतलेले वगळले गेले. महागाई दिलासा आणि वेतन आयोगाची सुधारणा त्यांनाही मिळते. नाही मिळत ती दर पाच वर्षांनी नव्या निवृत्तांच्या बरोबरीने होणारी वाढ. पहिल्या दिवशी हा फरक शून्य असतो, म्हणून तो कोणाच्या हिशेबात येत नाही. पण चाळिशीत निघालेल्या माणसाला पुढे चाळीस वर्षे पेन्शन घ्यायची असते, आणि प्रत्येक फेरआढाव्यात दरी थोडी रुंदावते. या अटीविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणात दावे झाले आहेत. अर्जाच्या दिवशी कोणता आदेश लागू आहे ते रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि घरखर्च मात्र ओआरओपी नाही असे समजूनच बांधा.

याच संदर्भात डिस्चार्जच्या कागदावरचा कारणाचा रकाना नीट वाचा. करारातली मुदत संपली आणि वाढीव मुदत घेतली नाही, ही एक गोष्ट. मुदत शिल्लक असताना विनंती करून निघालात, ही दुसरी. बोलताना दोन्हींना 'सोडून आला' म्हणतात. कागदावर त्यांचे परिणाम वेगळे. मुदत संपायला वर्ष-सव्वा वर्षच उरले असेल तर दात-ओठ खाऊन ते काढणे हा बहुतेकांसाठी पीएमआरपेक्षा चांगला सौदा ठरतो.

आता पैसे. एक उदाहरण धरू. सेलर, लेव्हल ५, वय ३९, सेवा २० वर्षे, मूळ पगार ३७,००० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. एकूण ४२,२००. त्याच्या निम्मे म्हणजे २१,१०० ही मूळ पेन्शन. वीस वर्षे झाली काय किंवा सव्वीस झाली काय, टक्का पन्नासच. लवकर निघाल्याने बुडतात त्या पुढच्या वेतनवाढी आणि बढत्या. ग्रॅच्युइटीत प्रत्येक पूर्ण सहामाहीला पाव पगार, महागाई भत्त्यासह. हिशेब सोपा जावा म्हणून महागाई ५० टक्के धरली: पगार ६३,३००, सहामाह्या ४०, म्हणून दहा पगार, ६,३३,००० रुपये. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे, ती या पातळीवर आड येत नाही. (आकडे सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्याचे आहेत. तक्ता बदलला तर रक्कम बदलेल, रीत तीच.)

याशिवाय साठलेल्या रजेचे पैसे, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे अधिकाऱ्यांचा डीएसओपी फंड, इतरांचा एएफपीपी फंड. आणि तिन्ही दलांच्या आपापल्या ग्रुप इन्शुरन्सची परतावा रक्कम. इथे एक खाच आहे: ग्रुप इन्शुरन्समधून घरासाठी कर्ज घेतले असेल तर शिल्लक कर्ज या रकमांतून आधी कापले जाते. वहीत दिसणारा आकडा आणि खात्यात पडणारा आकडा यांत पाच-सात लाखांची तफावत निघाली तर चूक बहुधा इथेच असते. कर्जाच्या शिलकीचे पत्र अर्जाआधी मागवा.

कम्युटेशनवर मात्र जरा थांबू. सैन्यदलांत मूळ पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी घेता येतो. आपल्या सेलरचे निम्मे म्हणजे १०,५५०. पुढच्या वाढदिवसाचे वय ४० असेल तर गुणक ९.०९०. १०,५५० गुणिले १२ गुणिले ९.०९० बरोबर ११,५०,७९४ रुपये, आयकरातून पूर्ण मुक्त. त्या बदल्यात पंधरा वर्षे दरमहा १०,५५० रुपये कापले जातात, म्हणजे एकूण १८,९९,०००. पंधरा वर्षांनी कापलेला भाग परत सुरू होतो. साडेअकरा लाखांचे कर्ज एकोणीस लाखांनी फेडायचे, हा व्याजदर सव्वासात टक्क्यांच्या आसपास बसतो.

त्यावरून निर्णय बऱ्यापैकी स्पष्ट होतो. घराचे कर्ज नऊ टक्क्यांनी चालू असेल तर कम्युटेशन करून ते फेडण्यात अर्थ आहे. पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकायचे असतील तर नाही, कारण ठेवीचे व्याज करपात्र आणि दरही जेमतेम तेवढाच. दुसरी बाजूही आहे. पेन्शनर मधेच गेला तर उरलेली कपात कुटुंबाकडून वसूल होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन पूर्ण दराने सुरू होते. तब्येतीचा भरवसा नसलेल्याने म्हणूनच कम्युटेशनकडे झुकावे. महागाई दिलासा कायम मूळ २१,१०० वर मिळतो, कापलेल्या रकमेवर नव्हे. ५० टक्के महागाईला निम्मी पेन्शन विकूनही महिन्याला १०,५५० अधिक १०,५५० असे २१,१०० हाती येतील, न विकता ३१,६५०. आणि एकदा झालेले कम्युटेशन मागे फिरत नाही.

आता पंधराचा अर्थ लागेल. ३९ व्या वर्षी निघालेल्याची पूर्ण पेन्शन ५४ व्या वर्षी परत येते. मूल आज बारा वर्षांचे असेल तर तेव्हा सत्तावीसचे. दहावी, बारावी, कॉलेज, हॉस्टेल, सगळा खर्च नेमका अर्ध्या पेन्शनच्या काळात पडतो. त्यात क्वार्टर गेले, म्हणजे भाडे आले. रेशन गेले. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता, प्रत्येक मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, तोही बंद. अधिकारी नसलेल्यांच्या मुलांना व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलाला महिना २,५०० आणि मुलीला ३,०००, पण आधीच्या परीक्षेत ६० टक्के हवेत आणि निवड गुणानुक्रमे होते. तेव्हा ती मिळाली तर बोनस, पाया नव्हे.

म्हणून माझे मत असे की पूर्ण ५० टक्के विकणे ही सवय आहे, हिशेब नव्हे. 'सगळेच करतात' एवढेच कारण ऐकू येते. जेवढे महाग कर्ज फेडायचे आहे तेवढ्यापुरता टक्का काढा. २० किंवा ३० टक्केही चालतात.

उरलेली रक्कम कुठे ठेवायची याबद्दल एक गैरसमज. ज्येष्ठ नागरिक बचत योजना निवृत्त सैनिकाला ६० ऐवजी ५० व्या वर्षी उघडता येते, ३० लाखांपर्यंत. पण ३९ व्या वर्षी नाही. तोवर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे, एकट्याला ९ लाख आणि नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याला १५ लाखांची मर्यादा. आणि काहीही करण्याआधी सहा ते नऊ महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात. पहिली पेन्शन वेळेवर येतेच असे नाही, आणि ग्रॅच्युइटी, फंड, इन्शुरन्स हे तिघे कधी एकाच आठवड्यात येत नाहीत.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. तिची वर्गणी निवृत्तीच्या वेळी एकदाच कापतात: हवालदार व समकक्षांपर्यंत ३०,०००, जेसीओंना ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. पेन्शन असेल तर पीएमआरवाल्यालाही ही सोय मिळते. कार्डे सगळ्यांची एकदम काढा. आईवडिलांचे अवलंबित्व नंतर सिद्ध करत बसणे त्रासाचे.

गोव्यातल्या कागदांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण बाहेरच्या रेकॉर्ड ऑफिसला आपल्याकडची पद्धत ठाऊक नसते. इथे लग्नाची नोंद दोन सह्यांत होते. पहिली सही नागरी निबंधकासमोर इराद्याची, काही दिवसांनी दुसरी कायम करण्याची. देवळात लग्न लागले, जेवणे झाली, सुट्टी संपली आणि दुसरी सही राहूनच गेली, अशी प्रकरणे होतात. नोकरीत असताना युनिटच्या नोंदीवर भागते. पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला की विवाह प्रमाणपत्र मागतात आणि ते अस्तित्वातच नसते. पीएमआरचा विचार मनात आला त्याच सुट्टीत जाऊन खातरी करा.

दुसरे नावाचे. पत्नीच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटच्या कौटुंबिक नोंदीत) घरी हाक मारतात ते. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर नाईक, गावकर, फर्नांडिस सगळ्यांचेच हाल. स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत एक अक्षर जुळले नाही की पडताळणी अडते. कायद्याने नाव बदलायचे असेल तर गोव्यात १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे आणि त्याची रीत ठरलेली आहे. मुंबईच्या पद्धतीचे नुसते प्रतिज्ञापत्र इथे प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही. पेन्शनचे खाते पत्नीसोबत संयुक्त, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असे ठेवा.

तिसरे घराचे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोमंतकीय दांपत्याची मालमत्ता नागरी कायद्यानुसार सामाईक, दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. ग्रॅच्युइटीतून घेतलेला प्लॉट एकट्याच्या नावावर असला तरी विकताना किंवा गहाण ठेवताना बँक दोघांच्या सह्या मागणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे की गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारसालाही हाच कायदा लागू. सावंतवाडीचा माणूस वास्कोत फ्लॅट घेतो तेव्हा गणित वेगळे असू शकते. वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न तोच.

आणि वडिलोपार्जित घर. निवृत्तीचे पैसे आले की आधी छप्पर उतरवून स्लॅब घालायची हौस येते. घर आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करण्याची गोव्यातली कायदेशीर प्रक्रिया) झालेली नाही, चार काका आणि दोन आत्यांचे हिस्से मोकळे. अशा घरात घातलेले दहा लाख तुमचे राहत नाहीत. बँकही त्यावर कर्ज देत नाही. आधी वारसा निकाली, मग सिमेंट. मोकळी जमीन घेताना एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण आहे ते पाहा, आणि सेटलमेंट झोन (वस्तीसाठी ठरवलेला पट्टा) व सनद (बिगरशेती वापराचा परवाना) तपासल्याशिवाय इसारा देऊ नका.

उत्पन्नाची दुसरी बाजू म्हणजे नवे काम. केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के, सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत १४.५ टक्के जागा राखीव असतात. विनंतीवरून निघालेला पण पेन्शन मिळवलेला माणूसही माजी सैनिकच धरला जातो. वयातून सेवेची वर्षे वजा करून वर तीन वर्षांची सूट मिळते. अधिकारी नसलेल्याची पेन्शन नव्या नोकरीचा पगार ठरवताना पूर्ण दुर्लक्षिली जाते, अधिकाऱ्याचे फक्त पहिले १५,०००. राज्य सरकारच्या नोकरीत मात्र आपलीच माणसे अडखळतात, कारण तिथे १५ वर्षे वास्तव्याचा दाखला लागतो आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते. अठराव्या वर्षी घर सोडलेल्याने वास्तव्य कशाने दाखवायचे हे मामलेदार कार्यालयात आधीच विचारून ठेवा. सेवापुस्तकातला कायमचा पत्ता गोव्याचा असणे तिथे कामाला येते.

धंदा करायचाच तर सावकाश. होमस्टेला पर्यटन खात्याची नोंदणी आणि पंचायतीचा ना हरकत दाखला लागतो, आणि भाडे सुखाने येते ते ऑक्टोबर ते मार्च. जून ते सप्टेंबर खोल्यांत बुरशी आणि हप्ता दोन्ही चढतात. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा टिपर घेऊन बसलेल्या ट्रकवाल्यांचे काय झाले ते सांगे-डिचोलीत कोणालाही विचारा. एकाच गिऱ्हाइकावर उभ्या असलेल्या धंद्यात कम्युटेशनची रक्कम घालू नये.

शेवटच्या आठवड्यांची दोन कामे. रिलीज मेडिकल बोर्डासमोर गुडघा, पाठ, कान, रक्तदाब, जे काही आहे ते सगळे सांगा आणि लिहून घ्या. लवकर सुटायच्या घाईत 'काही त्रास नाही' म्हणणाऱ्याला नंतर अपंगत्व पेन्शनचा दावा उभा करताना फार जड जाते. आणि स्पर्शमध्ये मोबाइल नंबर व ईमेल स्वतःचे खाजगी घाला. युनिटचा किंवा मेसमधल्या मित्राचा नंबर दिलेला असेल तर डिस्चार्जनंतर ओटीपी भलत्याच फोनवर जात राहतो आणि वर्षाकाठी द्यायचा हयातीचा दाखला अडकतो. लॉगिन आणि पीपीओचा (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक पत्नीकडेही लिहून ठेवा, फक्त फोनमध्ये नव्हे, कपाटातल्या फायलीत.